देशावरील जुने वाडे

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने ‘काहीतरी ऐतिहासिक बोला’ अशी आज्ञा आम्हांस केली. शाळामास्तराच्या हाती पाऊण तास दिला की तो पानिपतापासून आरंभ करतो असा एक समज आहे, आणि तो अगदीच निराधार आहे असे म्हणता येणार नाही. तथापि आज आम्ही लढाया बाजूस ठेवून घरांविषयी बोलणार आहो. पुण्यापासून सासवड, वाई, साताऱ्यापर्यंतच्या मुलुखात जे जुने वाडे अद्याप उभे आहेत, त्यांचे रूप काय, रचना काय, आणि ते आपणांस का आवडावेत, एवढाच आमचा विषय. यात आपला संबंध दुहेरी आहे. येथे बसलेल्यांपैकी पुष्कळांचे नाव अशा एखाद्या वाड्याच्या प्रॉपर्टी कार्डावर आठव्या अगर सोळाव्या हिश्शाचे धनी म्हणून अजून लागलेले आहे. तेव्हा आम्ही ज्यांविषयी बोलणार ती घरे परक्याची नव्हेत, आणि त्यांचे पुढे काय करावयाचे हा प्रश्नही परक्याचा नव्हे.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कोणत्याही मोठ्या घरास वाडा म्हणत नाहीत. चारी बाजूंनी सोपे आणि मध्ये उघडे आकाश, असा चौक ज्या घरास आहे तो वाडा. एक चौक असेल तर एकचौकी, दोन असतील तर दोनचौकी; आणि घराची मोजणी खणांनी. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण. लाकडाची तुळई जेवढा भार पेलील तेवढेच ते अंतर ठेवावयाचे, म्हणून खण हे माप सुताराच्या हिशेबातून जन्मलेले आहे. आपली वडील माणसे ‘पाच खणांचे घर’, ‘सात खणांचा सोपा’ असे म्हणत, तेव्हा ऐकणाऱ्यास घराची लांबी आणि घराण्याची ऐपत ही दोन्ही एकदम कळत असत.

बाहेरून पाहता वाडा अगदी अबोल. रस्त्याकडे जाड भिंत, खाली घडीव काळ्या दगडाचे जोते, वर पातळ भाजक्या विटा, खिडक्या थोड्या आणि त्याही उंचावर. मध्ये खिळे ठोकलेला सागवानी दरवाजा. त्या दरवाजाच्या एका फळीत लहानशी दिंडी. नित्याचे येणे-जाणे तिच्यातून. तिच्यातून आत शिरणारा, मग तो सरदार असो की सावकार, मान लववूनच शिरतो. संरक्षणासाठी केलेली ही युक्ती शिष्टाचारही आपोआप शिकवीत असे. आत आले की देवडी. दोन्ही बाजूंस पहारेकऱ्यांना बसण्याचे कट्टे. पुष्कळ वाड्यांत देवडीतून सरळ पाहिले असता चौक दिसत नाही. वाट एकदा वळते, आणि मग एकाएकी उजेड अंगावर येतो. ज्याने हा अनुभव घेतला नाही, त्यास वाड्याची खरी मौज शब्दांनी सांगणे कठीण आहे. बाहेरचा धुरळा, ऊन, गोंगाट हे सारे त्या एका वळणात मागे राहते.

पहिला चौक पुरुषांचा आणि कामकाजाचा. येथे सदर. एका बाजूने उघडी, तीन बाजूंनी बंद, वर कडीपाट, खाली बैठक, आणि भिंतीत कोनाडे. हिशेब, न्यायनिवाडा, सावकारी, पुराण, लग्नाची बोलणी हे सर्व सदरेवर. दुसरा चौक घरचा. त्याच्या भोवती माजघर, देवघर, स्वयंपाकघर, कोठीची खोली, बाळंतिणीची खोली, आणि मध्ये तुळशीवृंदावन. मागील चौकात अथवा परसात आड, न्हाणीघर, गोठा. चौकाच्या चारी बाजूंची छपरे आतल्या बाजूस उतरती असल्यामुळे पावसाळ्यात पाण्याची चौपदरी झालर घरातल्या घरात पडत असे, आणि मुलांना कागदाच्या होड्या सोडण्यासाठी ओढ्यावर जावे लागत नसे. उन्हाळ्यात तापलेली हवा चौकातून वर निघून जाते आणि जाड भिंतींच्या आडोशाची गार हवा सोप्यात राहते. विजेचा पंखा ठाऊक नव्हता त्या काळची ही सोय. वैशाखात दुपारी अशा सोप्यावर शहाबादी फरशीस पाठ लावून निजलेला मनुष्य आजच्या वातानुकूलित खोलीची फारशी वाखाणणी करणार नाही.

लाकूडकाम हा वाड्याचा खरा दागिना. दगडी तळखड्यावर सागवानी खांब उभा करावयाचा. तो बहुधा सुरूच्या झाडाच्या आकाराचा, खाली भरीव आणि वर निमुळता होत गेलेला. माथ्याशी केळफूल कोरलेले. दोन खांबांमध्ये लाकडाची महिरप. त्यावर तुळया, तुळयांवर जवळजवळ बसविलेल्या कड्या, कड्यांवर फळ्या, हाच कडीपाट. फळ्यांवर मातीचा जाड थर देऊन वरच्या मजल्याची जमीन करीत, आणि ती शेणाने सारवीत. त्या मातीमुळे वरच्या मजल्यावर मुलांनी कितीही धुडगूस घातला तरी खाली आवाज बेताचाच येई. भिंतींत चुना वापरावयाचा तो बैलाच्या घाणीत मळून. त्यात गूळ, बेलफळाचा गर असली द्रव्ये घालून. भिंतीची जाडी एवढी की तिच्यातच जिना काढीत. अंधारा, अरुंद, उंच पायऱ्यांचा हा जिना वर जाताना भीती दाखवितो खरा. परंतु घरातली एक हातभर जागाही त्याने अडत नाही, हे आजच्या घरबांधणीवाल्यांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

पुण्याच्या शनिवारवाड्याचे अवशेष पाहून कित्येक जण निराश होतात. ‘एवढाच का वाडा?’ असे आम्हांस सहलीत विद्यार्थ्यांनी पुष्कळदा विचारले आहे. 10 जानेवारी 1730 रोजी पायाभरणी आणि 22 जानेवारी 1732 रोजी वास्तुशांत झालेला, 16,110 रुपये खर्चाचा हा वाडा 27 फेब्रुवारी 1828 रोजी पेटला आणि आठवडाभर जळत राहिला. वर सांगितलेली रचना ध्यानात घेतली म्हणजे आज तेथे जोती, हौद आणि तट एवढेच का उरले हे सहज कळते. दगड राहिला आणि लाकूड गेले. शनिवारवाडा आज जो दिसतो तो वाड्याचा केवळ पाय आहे. धड पाहावयाचे असेल तर अन्यत्र गेले पाहिजे.

ते धड पाहण्यासाठी आम्ही मेणवलीस जाण्याची शिफारस करू. वाईपासून तीनेक किलोमीटरवर, कृष्णेच्या काठी, नाना फडणिसांचा हा वाडा आहे. 1768 साली हे गाव नानांकडे आले आणि पुढे त्यांनी येथे वाडा, घाट आणि देवालये बांधली. सहा चौकांचा हा वाडा आत शिरल्यावर एकामागून एक उलगडत जातो. एका चौकातून दुसऱ्यात जाताना प्रत्येक ठिकाणी उजेडाची जात निराळी. भिंतींवर जुनी रंगीत चित्रे आहेत; काही पुसट झाली आहेत, तरी डोळे सरावले म्हणजे रंग हळूहळू दिसू लागतात. मागील दाराने बाहेर पडले की एकदम नदी. घाट पाण्यात उतरत गेलेला, बाजूस मेणेश्वराचे देऊळ, आणि एका छोट्या देवळीत टांगलेली मोठी घंटा. ही घंटा वसईच्या पोर्तुगीज प्रार्थनामंदिरातील. 1739 साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली, त्या विजयाची ही खूण. घंटेवर ख्रिस्तमातेची आकृती तशीच आहे, कोणी ती घासून काढली नाही. ज्याच्या बुद्धीची धास्ती हैदराबादपासून कलकत्त्यापर्यंत होती, त्या पुरुषाचे हे घर. तरी यात राजवाड्याचा डौल शोधू जाल तर तो सापडावयाचा नाही. खोल्या बेताच्या, छत हाताशी यावे इतके खाली, जिने अंधारे. सुंदर आहे ते प्रमाण. आम्ही मेणवलीस अनेकदा गेलो आहो आणि प्रत्येक वेळी घाटाच्या पायरीवर ठरविल्यापेक्षा अधिक वेळ बसलो आहो.

2004 च्या ‘स्वदेस’ चित्रपटाचे चित्रीकरण मेणवलीत झाले. तेव्हापासून तेथे जाणाऱ्यांची गर्दी वाढली आहे. पाहणाऱ्यांपैकी कित्येकांना नाना ठाऊक नसतात, नट ठाऊक असतो. असो. कोणत्या का निमित्ताने होईना, माणसे जातात आणि चौकात उभी राहून वर पाहतात.

पुण्यातील विश्रामबागवाड्याविषयी थोडक्यात सांगतो. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा. रस्त्याकडील सुरूच्या खांबांचा सज्जा हे त्याचे वैभव. 1879 च्या आगीत याचा काही भाग जळाला आणि त्याच आगीत बुधवारवाडा पुरता नाहीसा झाला. सासवडास कऱ्हेच्या काठी पुरंदऱ्यांचा गढीवजा वाडा आहे, त्याचा दरवाजा पाहिला की शनिवारवाड्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. कोथरूडच्या मस्तानीमहालाचे लाकूडकाम कै. दिनकर केळकर यांनी आणून आपल्या संग्रहालयात पुन्हा उभे केले, तेही अवश्य पाहावे; हा सारा संग्रह त्यांनी सरकारच्या स्वाधीन केला.

आम्ही शिक्षक असल्यामुळे आणखी एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. आपल्या इकडील शिक्षणाचा संसार वाड्यांत थाटला गेला. 1821 साली संस्कृत पाठशाळा निघाली ती विश्रामबागवाड्यात. 1 जानेवारी 1880 रोजी न्यू इंग्लिश स्कूल उघडले ते बुधवार पेठेतील मोरोबादादा फडणिसांच्या वाड्यात. आणि या दोहोंच्या मध्ये, 1848 साली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली ती त्याच पेठेतील भिड्यांच्या वाड्यात. समाजाचा कडवा विरोध असताना तात्यासाहेब भिड्यांनी आपला वाडा या कामास दिला, ही गोष्ट आपल्या लोकांनी अभिमानाने स्मरावी अशी आहे. तो वाडा पुढे भाडेकरू, दुकाने आणि कज्जे यांत सापडून मोडकळीस आला, आणि डिसेंबर 2023 मध्ये पाडण्यात आला. त्या जागी स्मारक व्हावयाचे ठरले आहे. स्मारक व्हावे. परंतु ज्या खोलीत मुलींनी पहिली पाटी हाती धरली ती खोली मात्र गेली, हे म्हटल्यावाचून आमच्याने राहवत नाही.

आता स्तुती पुरे. वाड्यात राहिलेल्या आमच्या भगिनी मनातल्या मनात हसत असतील, हे आम्ही जाणून आहो. माजघर अंधारे, स्वयंपाकघरात धूर, आडाचे पाणी ओढून खांद्याची हाडे दुखत. पहिल्या चौकाचा उजेड पुरुषांचा आणि मागचा अंधार बायकांचा, अशी ती वाटणी होती. केशवपन झालेल्या कित्येक अल्पवयीन विधवांनी सगळा जन्म मागल्या चौकात काढला. त्यांच्या डोळ्यांनी पाहिले असता केळफुलांचे कोरीवकाम निराळेच दिसले असेल. तसेच कोणी सदरेवर यावे, कोणी ओसरीखाली उभे राहावे, कोणी देवडीच्या आत पाऊल टाकू नये, हे वाड्याच्या पायऱ्यांनीच ठरविलेले असे. ज्यांनी या भिंती बांधल्या, ज्यांनी दगड घडविला, त्यांपैकी पुष्कळांस वास्तुशांतीनंतर त्या घरात प्रवेश नव्हता. ज्ञातीच्या संमेलनात हे बोलणे काहींना रुचणार नाही. पण वाडा दाखवावयाचा तर पुरता दाखविला पाहिजे. नातवंडांना नुसती महिरप दाखवून उंबरा लपविणे हा काही इतिहास नव्हे.

वाडे गेले कसे, याविषयी आपल्यात एक ठरीव उत्तर असते. ‘जळितात गेले, कायद्याने गेले.’ 1948 च्या जानेवारी-फेब्रुवारीत सातारा भागात पुष्कळ घरे जाळली गेली, हे खरे आहे. त्याच वर्षीचा कूळकायदा आणि 1950 चा वतने रद्द करणारा कायदा यांमुळे वाड्यास पोसणारे उत्पन्न थांबले, हेही खरे. कसणाऱ्यास जमीन मिळाली हे न्याय्यच झाले, असे आमचे मत आहे. पुण्यात 12 जुलै 1961 रोजी पानशेत आणि खडकवासला धरणे फुटून नदीकाठच्या पेठांतील कितीतरी वाडे एका दिवसात बसले. मातीच्या भिंती पाण्यात किती वेळ टिकणार? भाडेनियंत्रणाच्या 1947 च्या कायद्याने भाडी गोठली. महिन्यास पाच-दहा रुपये भाडे घेणारा मालक छप्पर कशाने दुरुस्त करणार, आणि एवढ्या भाड्यात राहणारा भाडेकरू तरी जागा कशाला सोडणार? 1999 च्या कायद्याने दरसाल शेकडा 4 वाढीची मुभा दिली. पण पाच रुपयांवर शेकडा चार म्हणजे किती, हे चौथीतला मुलगाही सांगेल.

हे सर्व मान्य करूनही आमचे म्हणणे असे की, आमच्या पाहण्यातले बहुतेक वाडे यांपैकी कशानेच गेले नाहीत. ते आपल्या भाऊबंदकीने गेले. सोळा हिस्सेदार, त्यांतले चौघे पुण्यात, तिघे मुंबईस, दोघे अमेरिकेत, आणि उरलेल्यांचे एकमेकांशी बोलणे नाही. दोन कौले फुटली. ती कोणी बदलावयाची यावर तीन पावसाळे गेले. कौलातून आलेले पाणी कडीपाटावरच्या मातीत मुरले, कडी कुजली, तुळई वाकली, आणि चौथ्या पावसाळ्यात महानगरपालिकेची अगर नगरपालिकेची ‘धोकादायक इमारत’ अशी पाटी दारावर लागली. मग मात्र सोळाही जण एकमताने सही करावयास येतात. आणि खांब? ते आधीच कोणी जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यास विकलेले असतात. एका श्रीमंती उपाहारगृहात असे दोन सुरूचे खांब आम्ही पाहिले. त्यांवर विजेच्या माळा गुंडाळलेल्या होत्या.

म्हणून ज्यांचा वाडा अद्याप उभा आहे त्यांच्यासाठी दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. वैशाख संपण्यापूर्वी शाकारणी झालीच पाहिजे. यात कसूर झाली तर बाकी सारे व्यर्थ. पन्हळी साफ करवाव्यात. मातीच्या अगर चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा कदापि देऊ नये. तो दिसावयास टणक. परंतु भिंतीतली ओल आतच कोंडली जाते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. चुन्याचे काम जाणणारे गवंडी आता थोडे आहेत, तरी विचारपूस केली तर सापडतात. खांब खालून कुजला असेल तर सबंध बदलावा लागत नाही. कुजका भाग कापून नवे लाकूड जोडणारे सुतार आहेत. आणि हिस्सेदारांनी वर्षातून एकदा, कुळाचाराच्या निमित्ताने का होईना, वाड्यातच जमावे. दुरुस्तीची वर्गणी तेव्हाच गोळा करावी. फोनवर कोणी देत नाही, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

ज्यांना वाडा राखणे शक्यच नाही त्यांना दोष देण्यास आम्ही उभे राहिलो नाही. म्हाताऱ्या माणसांना जिने चढवत नाहीत, मुलांना शहरात जागा हवी आहे, घरात पैसा नाही. अशा वेळी वाडा विकणे हे पाप नव्हे. पण विकण्यापूर्वी चार दिवस त्यास द्यावेत. प्रत्येक चौक, प्रत्येक खण फितीने मोजून कागदावर उतरावा. सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. कोणती खोली कशाची होती हे घरातल्या वृद्धांस, विशेषतः वृद्ध स्त्रियांस विचारून लिहून ठेवावे. सदरेच्या हकिगती पुरुष सांगतील. फडताळात काय असे आणि बळदात धान्य किती मावे हे आजीच सांगेल.

आणि माळ्यावरची पेटी. तिला रद्दीवाल्याच्या हवाली करू नये. वि. का. राजवाडे यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड 1898 साली निघाला, तो वाईतील एका घराण्याच्या जुन्या कागदांतून. पानिपतच्या काळची ती पत्रे त्यावेळी वाणसामानाच्या पुड्या होण्याच्याच वाटेवर होती. नानांचे दप्तर मेणवलीच्या वाड्यात राहिले म्हणूनच अभ्यासकांच्या हाती लागले. मोडी आपणांस वाचता येत नाही म्हणून कागद निरुपयोगी होत नाही. पुण्यास 1910 पासून भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. तेथे असे कागद वाचणारी माणसे आहेत. नुसता जमाखर्च असला तरी नेऊन दाखवावा. तूप काय भावाने मिळे आणि सुतारास रोज काय पडे, हे त्या जमाखर्चाइतके स्पष्ट कोणीही सांगणार नाही.

आजच्या या कामाची सुरुवात करण्यासाठी बाहेर पानसुपारीच्या मेजाजवळ एक कोरी वही ठेवविली आहे. जाण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने तीत एक पान भरावे : गाव कोणते, वाडा कितीचौकी, खण किती, आज तेथे कोण राहते, शाकारणी शेवटची कधी झाली, आणि माळ्यावर कागद आहेत किंवा कसे. वाडा पडला असल्यास केव्हा पडला तेही लिहावे. अक्षर सुवाच्य काढावे, एवढी एक जुनी सवय म्हणून विनंती. वही दोन्ही दिवस मेजावर राहील. ज्यांच्या घरी आज नव्वदीच्या आतबाहेरचे कोणी आहे, त्यांनी ती रात्री घरी नेऊन, त्यांना विचारून, उद्या परत आणली तरी चालेल.